क्रूझवर खोलीत जेवण मागवणे : सदस्यांसाठी माहिती



सांवेर रोडच्या कारखान्यांतील सुट्या जाहीर झाल्या, की आपल्या मंडळात सहलीच्या गोष्टी सुरू होतात. पूर्वी यादीत पंढरपूर, शिर्डी, गणपतीपुळे असायचे. आता त्यात क्रूझही आली आहे. इंदूरला समुद्र नाही, पण रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठली की जहाज दूर नाही. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली होती. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून पर्यटकांना नेऊ लागले. हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधले गेले आणि आधी ते रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होते. काही सदस्य मुलांकडे परदेशी जातात, तेव्हा सिंगापूर किंवा अमेरिकेतूनही क्रूझ करतात.

परत आलेल्या सदस्यांकडून समुद्राचे वर्णन भरपूर ऐकायला मिळते. खोलीत जेवण कसे मागवायचे, त्याचे पैसे पडतात का, उपवासाचे काय, हे मात्र कोणी सांगत नाही. ते न सांगितल्याने काय होते, हे आम्ही एकदा पाहिले आहे. म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आपल्यातील एक कुटुंब चार दिवसांच्या क्रूझला गेले होते. सोबत सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या. त्यांना मधुमेह आहे. पहिल्या दिवशी त्या मोठ्या हॉलमध्ये गेल्या. तिथली गर्दी, काटे-चमचे, एकाच ओळीत मांडलेले शाकाहारी-मांसाहारी पदार्थ पाहून त्यांनी दोन घास खाल्ले आणि उठल्या. त्यानंतर “मला भूक नाही, तुम्ही जाऊन या” असे म्हणून त्या खोलीतच थांबू लागल्या. मुलाला वाटले, आई खोलीत काहीतरी मागवत असेल. आजींना वाटले, खोलीत मागवले तर मुलाला मोठे बिल येईल. इंदूरहून नेलेली शेव आणि बाकरवडी यांवर त्यांचे दोन दिवस गेले. साखरेच्या गोळ्या मात्र वेळेवर चालू होत्या.

दुसऱ्या रात्री त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. सुनेने खोलीतला फोन उचलून दिसेल ते बटण दाबले. ते रूम सर्व्हिसचे निघाले. थोड्याच वेळात एक मुलगा संत्र्याचा रस आणि टोस्ट घेऊन आला, आणि त्यानेच जहाजाच्या दवाखान्यालाही कळवले. आजी सावरल्या. सकाळी कळले की त्यांच्या तिकिटात खोलीतला नाश्ता समाविष्ट होता. एक पैसाही जास्त लागणार नव्हता.

यात जहाजाची चूक नव्हती. माहितीचा कागद टेबलावर पडलेला होता, पण तो इंग्रजीत होता आणि आजींना कोणी वाचून दाखवला नव्हता. त्या सहलीची बैठक आपल्याच मंडळात झाली होती. तिथे कपडे, गोळ्या, ओळखपत्र अशा सर्व गोष्टी आम्ही सांगितल्या, ही एक राहिली.

रूम सर्व्हिस म्हणजे नेमके काय

क्रूझच्या तिकिटात साधारणपणे मोठ्या हॉलमधले जेवण आणि बुफे धरलेले असते. याशिवाय खोलीत, म्हणजे केबिनमध्ये, जेवण मागवण्याची सोय असते, तिला रूम सर्व्हिस म्हणतात. राजधानी गाडीत ट्रे आपल्या जागेवर येतो तसेच हे आहे. फरक इतकाच, की इथे काय हवे आणि कधी हवे ते आपण सांगायचे असते.

खोलीची झाडलोट करणारा आणि चादरी बदलणारा तो केबिन स्टुअर्ड. ट्रे आणणारा माणूस बहुधा वेगळा असतो. स्टुअर्डकडे जेवणाची मागणी केली तर तो नम्रपणे फोनकडे बोट दाखवील. त्याचा राग मानू नये.

रूम सर्व्हिसची यादी हॉलच्या यादीपेक्षा छोटी असते. सँडविच, सूप, सॅलड, टोस्ट, फळे, चहा-कॉफी, एक-दोन गरम पदार्थ आणि गोड एवढेच बहुतेक ठिकाणी मिळते. पुष्कळ जहाजांवर ही सेवा रात्रभर चालू असते, पण उशिरा यादी आणखी आखूड होते.

पैसे कधी लागतात

सगळा घोटाळा इथेच होतो. सर्व कंपन्यांचा नियम एक नाही, आणि एकाच कंपनीचा नियमही बदलतो. पूर्वी बहुतेक मोठ्या जहाजांवर खोलीत जेवण आणून देण्याचे वेगळे पैसे नसत. नॉर्वेजियन कंपनीने २०१५ मध्ये आणि रॉयल कॅरिबियनने २०१७ मध्ये प्रत्येक मागणीमागे ७.९५ डॉलर आकार सुरू केला. साधा सकाळचा नाश्ता, म्हणजे ब्रेड, फळे, चहा-कॉफी, त्यातून वगळला होता. नंतर दर बदलत गेले. म्हणून आरक्षण करतानाच पुढील चार प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे.

१. खोलीत मागवलेल्या नाश्त्याचे पैसे पडतात का?
२. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाचे पडतात का? पडत असतील तर प्रत्येक पदार्थाचे की प्रत्येक फेरीचे?
३. रात्री उशिरा मागवल्यास वेगळा आकार आहे का?
४. बक्षिसी बिलात आपोआप धरली जाते का?

दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष द्यावे. आकार प्रत्येक फेरीमागे असेल तर चौघांचे एकदम मागवावे. चौघांनी चार वेळा फोन केला तर चारदा आकार लागतो.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीचे जे कार्ड मिळते त्यावरच सर्व खर्च चढतो. ट्रे आला की एका चिठ्ठीवर सही मागतात. सही करण्यापूर्वी आकडा पाहावा. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आपला हिशोब खोलीतल्या टीव्हीवर किंवा स्वागतकक्षात बघून घ्यावा. उतरायच्या सकाळी तिथे मोठी रांग असते. मुलांना फोन लावायची हौस असते, त्यांनाही आधी समजावून ठेवावे.

ट्रे आणणाऱ्याला एक-दोन डॉलर किंवा पन्नास-शंभर रुपये हातात देण्याची रीत आहे. ती सक्ती नाही.

मागवायचे कसे

*फोनवरून.* खोलीतल्या फोनवर रूम सर्व्हिसचे बटण किंवा क्रमांक असतो. खोलीचा क्रमांक, किती जण आणि काय हवे, एवढे सांगितले की पुरे. नव्या जहाजांवर मोबाईलच्या ॲपमधून किंवा टीव्हीवरूनही मागवता येते.

*दाराच्या कार्डावरून.* सकाळच्या नाश्त्यासाठी दाराच्या कडीला अडकवायचे एक लांबट कार्ड मिळते. त्यावर पदार्थांसमोर खूण करायची, संख्या लिहायची, वेळ निवडायची आणि रात्री झोपण्यापूर्वी ते बाहेर अडकवायचे. ते काढून नेण्याची वेळ कार्डावरच छापलेली असते. ज्यांना इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी हा सर्वांत सोपा मार्ग. बोलावे लागत नाही, फक्त खूण करायची.

वेळ निवडताना थोडा आधीचा अर्धा तास घ्यावा. बंदराला लागायच्या दिवशी सर्वांनाच लवकर नाश्ता हवा असतो आणि ट्रे उशिरा येतो. उतरायच्या शेवटच्या सकाळी बहुतेक जहाजांवर ही सेवा बंद असते. तसेच निघताना जी सुरक्षेची कवायत होते तिला सर्वांना हजर राहावेच लागते. त्या वेळी अनेक जहाजांवर सेवा बंद असते.

आपला आहार आणि उपवास

भारतातून निघणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते. परदेशी जहाजांवर जपून राहावे लागते. तिथे ‘व्हेजिटेरियन’ म्हटले तरी पदार्थात अंडे असू शकते आणि भाज्यांच्या सूपला कोंबडीचे पाणी वापरलेले असू शकते. विमानात ‘हिंदू मील’ मागितल्यावर मांसाहारी ताट आल्याचा अनुभव अनेकांना आहे. तोच गोंधळ इथेही होऊ नये म्हणून “नो मीट, नो फिश, नो एग” असे सरळ शब्दांत सांगावे. हे वाक्य एका कागदावर इंग्रजीत लिहून ज्येष्ठांच्या पाकिटात ठेवावे. शेंगदाणे किंवा कशाचीही ॲलर्जी असेल तर तीही त्याच कागदावर लिहावी. विशेष आहार आरक्षणाच्या वेळीच कळवावा. जहाज निघाल्यावर स्वयंपाकघरात नवे सामान येत नाही.

एकादशी किंवा संकष्टी सहलीत येत असेल तर साबुदाण्याची आशा धरू नये. फळे, दूध, दही आणि उकडलेला किंवा भाजलेला बटाटा जवळजवळ सर्वत्र मिळतो. बटाटा मागताना त्यावर काय घातलेले नको तेही सांगावे.

घरचे शिजवलेले अन्न बहुतेक कंपन्या जहाजावर आणू देत नाहीत. कारखान्यातून बंद आलेली पाकिटे अनेक ठिकाणी चालतात, पण कंपनीचा नियम आधी वाचावा. परदेशी बंदरावर उतरताना फळे किंवा खाद्यपदार्थ सोबत घेऊ नयेत, दंड होऊ शकतो. जिरावनची एक छोटी बंद पुडी चालत असेल तर जरूर न्यावी. उकडलेल्या बटाट्यावर ती घातली की इंदूर आठवते. पण शेव आणि बाकरवडी हा प्रवासातला खाऊ आहे, जेवण नव्हे.

मधुमेह आणि औषधे

गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण चुकवू नये. हॉलमध्ये जायची इच्छा नसेल तर गोळीच्या आधी ट्रे मागवावा, आणि तो हातात आल्यावरच औषध घ्यावे. ट्रे यायला वीस मिनिटेही लागतात आणि एक तासही लागतो.

घाम, थरथर, घाबरल्यासारखे होणे, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून किंवा अर्धा पेला फळांचा रस द्यावा. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. कमीच असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, ताबडतोब जहाजाच्या दवाखान्याला फोन करावा. तो क्रमांक पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ ठेवावा. उशाशी साखरेची पुडी असावी, रूम सर्व्हिसची वाट पाहत बसू नये.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. खोलीतला छोटा फ्रिज पुष्कळदा तेवढा थंड नसतो. दवाखान्यात किंवा स्वागतकक्षात विचारले तर सोय करून देतात.

बोट लागली तर, पोट बिघडले तर

जहाज डोलू लागले आणि मळमळू लागले तर हॉलमधल्या वासाने त्रास वाढतो. अशा वेळी खोलीत कोरडी बिस्किटे, हिरवे सफरचंद आणि आल्याचे काहीतरी मागवावे. जहाजावरच्या लोकांना ही मागणी नवीन नसते. पोट अगदी रिकामे ठेवू नये.

उलटी-जुलाब सुरू झाले तर मात्र लपवू नये. जहाजावर शेकडो लोक एकाच हॉलमध्ये जेवतात, पोटाचा संसर्ग वेगाने पसरतो. दवाखान्याला कळवल्यास एक-दोन दिवस खोलीतच राहायला सांगतात आणि जेवण खोलीत आणून देतात. ती शिक्षा नसून दुसऱ्यांच्या नातवंडांची काळजी आहे.

खोलीत काय करू नये

आग ही समुद्रावरची सर्वांत मोठी भीती. म्हणून बाहेरची विजेची किटली, पाणी तापवायची कांडी, इस्त्री, मेणबत्ती यांना बंदी असते. सापडल्यास ठेवून घेतात आणि उतरताना परत देतात. उदबत्ती आणि निरंजनही लावता येत नाही, धुराने घंटा वाजते. देवापुढे बॅटरीचा दिवा ठेवावा. गरम पाणी हवे असेल तर फोन करून थर्मास भरून मागावा.

गरम पदार्थ आल्यावर दोन तासांत संपवावा. दूध, दही, अंडे किंवा मांस असलेले काही सकाळसाठी राखून ठेवू नये. जेवण झाल्यावर ट्रे बोळात ठेवू नये. अरुंद बोळात चाकाची खुर्ची अडते आणि अंधुक दिसणाऱ्याला ठेच लागते. ट्रे न्यायला यावे म्हणून फोन करावा.

हा संकोच नवा नाही

४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाईड’ जहाजाने एक अठरा वर्षांचा मुलगा विलायतेला निघाला. त्याला इंग्रजीत बोलण्याची सवय नव्हती, काटे-सुऱ्या वापरता येत नव्हत्या, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धाडस होत नव्हते. म्हणून तो टेबलावर जेवायला गेलाच नाही. घरून नेलेली मिठाई आणि फळे तो आपल्या खोलीत बसून खात असे. त्याच खोलीतले जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजुमदार सर्वांत मिसळत आणि त्यालाही लोकांशी बोलायला सांगत. तो मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले. १९१८ मध्ये ते आपल्या इंदूरला हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आले, तेव्हा या लाजऱ्या मुलाची आठवण कोणाला आली नसती. आपल्या आजी त्याच वाटेने गेल्या, फक्त मिठाईऐवजी शेव होती.

दुसरी गोष्ट ट्रे आणणाऱ्यांची. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या जहाजांवर वाढपी आणि स्वयंपाकी म्हणून गोव्याची माणसे असत. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला त्यांच्या गावोगावच्या ‘कूड’ होत्या. दोन सफरींच्या मधले दिवस खलाशी तिथे काढत. डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत. आजही जगभरच्या क्रूझवर गोव्याची, कोकणची, मुंबईची मुले काम करताना भेटतात. तेव्हा दार वाजले की आधी हिंदीत विचारून पाहावे. मराठी किंवा कोकणीत उत्तर येण्याचीही शक्यता आहे.

निघण्यापूर्वी घरात एवढे करावे

यापुढे मंडळाच्या प्रत्येक सहलीच्या बैठकीत आम्ही दहा मिनिटे या विषयाला ठेवणार आहोत. स्वतंत्रपणे जाणाऱ्या कुटुंबांनीही पुढील गोष्टी कराव्यात.

• खोलीत काय विनामूल्य आहे ते ज्येष्ठांना आपल्या भाषेत, आकड्यासकट सांगावे. “बिलाची काळजी करू नका” एवढे पुरत नाही.
• पहिल्या संध्याकाळी त्यांच्या हातून एक फोन करवून घ्यावा. नुसता चहा मागवला तरी चालेल. एकदा जमले की भीती जाते.
• आहार आणि औषधांचा कागद मराठीत आणि इंग्रजीत तयार ठेवावा.
• रोज एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे. हॉल नको असेल तर त्यांच्या खोलीत सर्वांचे ट्रे मागवावेत.
• कोणी “मला भूक नाही” म्हटले तर “काय खाल्ले?” असे विचारावे.

खोलीत जेवणे ही चांगली सोय आहे. गुडघे दुखत असतील, मूल झोपले असेल किंवा पहाटे बाल्कनीत बसून शांतपणे चहा घ्यावासा वाटत असेल, तर जरूर मागवावे. फक्त आपले माणूस लाजेमुळे किंवा बिलाच्या धास्तीने खोलीत एकटे बसलेले नसावे.

त्या आजी पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या. दाराचे कार्ड त्यांनी स्वतः भरले होते. दही, केळे, टोस्ट, चहा दोन. दुसरा चहा कोणासाठी, असे सुनेने विचारले. “तुझ्यासाठी,” त्या म्हणाल्या.

आपल्यापैकी कोणाला क्रूझचा अनुभव असेल आणि यात काही भर घालायची असेल तर मंडळाच्या कार्यालयात जरूर कळवावे. पुढच्या वेळी ही माहिती सुधारून देऊ.